अधांतरी रजई

झोळीत झोपणाऱ्या माणसाला थंडी वरून वाजत नसून खालून वाजते, हे सत्य ज्यांनी जन्मभर जमिनीवर किंवा खाटेवर अंथरूण घालून झोप काढली आहे त्यांना सांगून पटत नाही, आणि मलाही ते व्हर्जिनियातील रोनोक या डोंगरांनी वेढलेल्या शहरी माझ्या भाच्याने कागदावर आकृत्या काढून समजावून देईपर्यंत पटलेले नव्हते. खाटेवर निजणाऱ्याच्या पाठीखाली गादी असते, गादीखाली फळ्या असतात, फळ्यांखाली फरशी असते आणि फरशीखाली सगळी पृथ्वी त्याची पाठराखण करीत उभी असते. दोन झाडांच्या मध्ये कापडाची झोळी, जिला तिकडे हॅमक म्हणतात, ती बांधून निजणाऱ्याच्या पाठीखाली मात्र हातभर अंतराची मोकळी हवा असते, आणि पहाटे दोनच्या सुमारास ऑक्टोबरचा डोंगरी वारा त्या अंतरातून जाताना त्याच्या पाठीची जी विचारपूस करून जातो तिने तो पुढची रात्र जागून काढतो. अंगाखाली एक जाड रजई अंथरावी म्हणजे झाले, असे कोणाही सुज्ञास वाटेल. परंतु रजईची ऊब ही वस्तुतः रजईची नसून तिच्यात अडकून पडलेल्या निश्चल हवेची असते, आणि आपण तिच्यावर देह टाकला की आपल्याच भाराने ती हवा निघून जाऊन खाली उरतो तो केवळ चेपलेला चोथा. सबब रजई अंगाखाली न घेता झोळीच्या खाली, बाहेरच्या अंगाने, लवचीक दोऱ्यांनी टांगावयाची. तिच्यावर कोणी निजावयाचे नाही, तिला अंग लावावयाचे नाही, आणि रात्रभर तिने आपल्या पाठीशी अस्पर्श राहून तिचे रक्षण करावयाचे, अशी ही तजवीज आहे.

ज्या मुलखात झोळीचा जन्म झाला तेथे ही अडचण उद्भवण्याचे कारण नव्हते. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तेथील रहिवासी अधांतरी टांगलेल्या सुती जाळ्यांत निजतात असे त्यास आढळले. उष्ण कटिबंधातील त्या लोकांनी जमिनीवरची किडामुंगी, ओल आणि उकाडा या तिन्हींवर मिळून एकच तोड काढली होती, आणि पाठीला खालून वारा लागावा हा तिचा मोठा गुण होता. पुढे ब्रिटिश आरमाराने ही युक्ती उचलली व तिला सरकारी शिस्त लावली. जहाजावर दर खलाशामागे चौदा इंच रुंदीची जागा मुक्रर झाली, आणि इतक्या दाटीत थंडीला शिरकाव करण्यास वावच उरला नाही. आजच्या अमेरिकन वनविहारी माणसाने मात्र हीच झोळी पाणी गोठविणाऱ्या थंडीत ॲपलाचियन पर्वताच्या रांगांत नेली. म्हणजे प्रथम खालून वारा लागेल अशी निजण्याची तऱ्हा शोधून काढावयाची, आणि मग तो वारा लागू नये म्हणून तिच्या खाली रजई टांगावयाची! या व्यवहारातली विसंगती मी भाच्याच्या नजरेस आणून दिली तेव्हा तो म्हणाला, “मामा, तंबूला सपाट जमीन लागते. इथल्या डोंगरात सपाट जमीन नाही, झाडं मात्र हवी तेवढी आहेत.” उत्तर बिनतोड होते, आणि बिनतोड उत्तरे तयार ठेवणाऱ्या माणसाशी वाद घालू नये एवढा पोक्तपणा माझ्या अंगी आता आलेला आहे.

रोनोकपासून थोड्याच मैलांवरून ॲपलाचियन ट्रेल नावाची पायवाट जाते. जॉर्जियातील स्प्रिंगर पर्वतापासून मेनमधील कटाडिन पर्वतापर्यंत चौदा राज्ये ओलांडीत जाणाऱ्या या सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांच्या वाटेची कल्पना बेंटन मके या वनशास्त्रज्ञाने १९२१ साली मांडली आणि १९३७ साली ती वाट पुरी झाली. तिचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या व्हर्जिनियात पडतो. एका हंगामात ती आद्यंत चालून जाण्यास पाचसहा महिने लागतात, आणि इतका काळ आपले बिऱ्हाड आपल्याच पाठीवर वाहणाऱ्या माणसाच्या मनात वजनाविषयी जी भावना उत्पन्न होते तिच्यापुढे वारकऱ्याचे उपासतापास सौम्य वाटावेत. हे लोक टूथब्रशचा दांडा अर्धा कापून टाकतात. पिशवीवर शिवलेली कंपनीच्या नावाची चिठ्ठी उसवून काढतात. नकाशाचा जेवढा तुकडा लागणार तेवढाच फाडून घेऊन बाकीचा घरी ठेवतात. आपल्याकडे संसाराचा त्याग करून वनाची वाट धरणारा पुरुष एकदाच काय तो त्याग करून मोकळा होत असे. येथे त्याग ग्रॅमवारीने होतो, आणि त्याची रीतसर खतावणी ठेवली जाते. भाच्याच्या संगणकावर ती मी पाहिली आहे. तीत चमचा होता, चमच्याचे वजन होते, आणि चमच्याच्या दांड्यास भोके पाडल्यानंतरचे वजन वेगळ्या रकान्यात मांडलेले होते.

या पंथास आपले आदिपुरुष शोधण्यास फार दूर जावे लागत नाही, आणि त्यांतील पहिले नाव एका आजीबाईंचे आहे. एमा गेटवुड या अकरा मुलांच्या माउलीने १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मुलांना मी जरा फिरून येते एवढेच सांगून ही संपूर्ण वाट एकटीने पायी तुडविली. पायांत कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली जाड कापडाची पिशवी, पांघरावयास एक ब्लँकेट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा, एवढ्या सरंजामानिशी. तंबू नाही, झोपण्याची पिशवी नाही. पुढे १९९० च्या दशकात रे जार्डिन नावाच्या गिर्यारोहकाने पुस्तके लिहून या साधेपणाचे शास्त्र बनविले. झोपण्याच्या पिशवीचा पाठीखालचा भाग जर दबून निरुपयोगीच होतो, तर तो वाहून न्यावा कशासाठी, असा त्याचा सवाल होता. त्याने तो भाग रद्द करून उरलेल्यास रजई म्हटले, आणि ही रजई प्रत्येकाने घरी स्वहस्ते शिवावी असा उपदेश केला. तसे पाहिले तर घरी शिवण्याची चाल त्याहूनही जुनी आहे. १९६६ साली कोलोरॅडोत निघालेली फ्रॉस्टलाइन नावाची कंपनी बेतून कापलेले कापड आणि मोजून बांधलेल्या पिसांच्या पुड्या असा माल गिऱ्हाइकाच्या घरी धाडीत असे, आणि पुढचे काम गिऱ्हाइकाने आपल्या मशीनवर उरकावे असा करार होता.

माझा भाचा या उपदेशास बळी पडला हे मला प्रथम खरे वाटले नाही. मुंबईत असताना शर्टाची गुंडी तुटली की तो शर्ट आईच्या पुढ्यात टाकून दुसरा अंगात घालणारा हा मुलगा. सुईत दोरा ओवणे हे स्त्रियांच्या अंगभूत शक्तींपैकी एक आहे अशी त्याची पंचविशीपर्यंत प्रामाणिक समजूत असावी. तो आज अमेरिकेत एका मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि त्याच्या दिवाणखान्यात, जेथे इतर मंडळींच्या घरी टेलिव्हिजन असतो तेथे, शिवणाचे मशीन आहे. अभ्रा, अस्तर, नेफा, नाडी, दुमड, टीप या विषयांवर तो माझ्याशी जेवताना बोलतो. माझ्या बहिणीने उभ्या आयुष्यात शिवणावर जितके भाषण केले नसेल तितके तो एका रविवारी सकाळी करतो. आणि तिने त्या अवधीत दोन परकर आणि एक झबले शिवून बाजूला ठेवले असते हे त्यास सांगण्याचा माझा धीर होत नाही.

कापडापासूनच आरंभ करावयाचा तर ते दहा डेनियरचे नायलॉन असते. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. तेव्हा या कापडाचा धागा नऊ किलोमीटर उलगडला तरी त्याचे वजन जेमतेम दहा ग्रॅम भरावयाचे. असले कापड हातात धरले तर काही धरले आहे असे वाटत नाही, आणि टेबलावर ठेवले तर ते टेबलावर राहत नाही. कात्री लावण्यासाठी भाचा त्याच्या चारी कडांवर स्वयंपाकघरातून आणलेल्या डब्यांची वजने ठेवीत असे, आणि तरीही ते डाळीच्या व तांदळाच्या डब्यांखालून, ज्या ऐटीने चतुर कुळ खोताच्या तावडीतून निसटते त्या ऐटीने, हळूहळू जमिनीकडे निघून जात असे. त्याला टाचण्या टोचण्याची मनाई आहे, कारण टाचणीच्या भोकातून पुढे पिसे बाहेर पडतात. म्हणून कडेने रंगीत प्लॅस्टिकचे चिमटे लावावयाचे. मशीनला सत्तर नंबरची बारीक सुई, दोरा पॉलिएस्टरचा, आणि टाक्यांची लांबी ठरलेली. टाके फार दाट पडले तर कापडाला भोकांची रांग पडून ते तिकिटासारखे फाटते, विरळ पडले तर फटी राहतात.

आता कोणी म्हणेल की दोन कापडे एकावर एक ठेवून, मध्ये पिसे भरून, वरून टिपा मारल्या म्हणजे रजई झाली. आपल्या रजया व दुलया अशाच होतात. परंतु जेथे टीप पडते तेथे दोन्ही कापडे एकमेकांस चिकटतात, मधली हवा नाहीशी होते, आणि त्या रेषेवरून थंडी सरळ पाठीपर्यंत येते. हे टाळण्यासाठी आतल्या व बाहेरच्या कापडांच्या मध्ये मच्छरदाणीच्या जाळीच्या पट्ट्या उभ्या शिवावयाच्या, म्हणजे रजईत अडीच इंच उंचीच्या आडभिंती तयार होऊन तिचे लांबट कप्पे पडतात. शिवाय झोळी खाली गोलाईने झुकलेली असल्यामुळे बाहेरचे कापड आतल्यापेक्षा थोडे मोठे बेतावे लागते. तसे न केले तर आतल्या बाजूची पिसे चेपतात. एका लहान कापडाला एक मोठे कापड, दोहोंस जोडणाऱ्या जाळीच्या भिंती, आणि या सर्वांना मुळात एके ठिकाणी स्वस्थ बसण्याची सवय नाही. असा हा प्रपंच एका टाक्याने सांधताना माझ्या भाच्याच्या कपाळावर घाम येई, आणि तो घाम कापडावर पडू नये म्हणून तो मान वळवून शिवीत असे.

पाणपक्ष्यांच्या छातीवर पिसांच्या आत जी मऊ लव असते तिला डाउन म्हणतात. पिसाला मधोमध दांडी असते. लवेला दांडी नसते, तिचे तंतू एका बिंदूपासून सर्व दिशांना पसरलेले असतात, आणि त्या तंतूंच्या गुंत्यात हवा अडकून राहते. लवेची प्रत ठरविण्याची रीत मोठी सरळ आहे. एक औंस लव एका नळकांड्यात सोडतात आणि ती किती घनइंच जागा व्यापते ते पाहतात. साडेआठशे घनइंच व्यापणारी लव उत्तम, नऊशेची अत्युत्तम. आणि या आकड्यांचा उच्चार करताना माझ्या भाच्याच्या आवाजात, कोकणातला माणूस हापूसच्या पेटीविषयी बोलताना येतो तसला एक घरंदाज पाझर येई. रजईचा हिशेब त्याने मला लिहून दाखविला. लांबी ७८ इंच, रुंदी ४५ इंच, उंची अडीच इंच, एकूण ८,७७५ घनइंच. त्यास ८५० ने भागून दहा औंसांवर काही. कालांतराने लव दमटपणाने मलूल होते म्हणून त्यावर वीस टक्के अधिक. सरतेशेवटी सुमारे साडेबारा औंस, म्हणजे ३५१ ग्रॅम. पारा शून्याखाली सातपर्यंत उतरला तरी चालेल असा या आकड्याचा अर्थ होतो म्हणे. ज्या मुलाला शाळेत काळ-काम-वेगाचे गणित दिले की पोट दुखू लागे त्याने हा हिशेब तोंडी केला.

लवेचे वस्त्र अंगावर घालून पर्वतावर जाण्याच्या या विद्येचा एक धागा, वाचकांस नवल वाटेल, पुण्यापर्यंत आलेला आहे. जॉर्ज फिंच नावाचे ऑस्ट्रेलियात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत होते, आणि त्यांच्या अंगात बलूनच्या कापडाचा, आयडर बदकाची लव भरलेला, त्यांनी स्वतःच्या कल्पनेने बनवून घेतलेला कोट होता. मोहिमेतील इतर साहेबमंडळी लोकर व ट्वीड यांवर निष्ठा ठेवणारी. बलूनच्या कापडात गुंडाळलेला सद्गृहस्थ पाहून त्यांची करमणूक झाली, परंतु उंची वाढून थंडी झोंबू लागली तसतशी ती करमणूक ओसरून तिची जागा हेव्याने घेतली. फिंच त्या वर्षी २७,००० फुटांहून अधिक उंचीपर्यंत पोहोचले. हेच फिंच पुढे १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. दिवाळी उलटताच कानटोपी, मफलर आणि हातमोजे असा जामानिमा करून भल्या पहाटे फिरावयास निघणाऱ्या एखाद्या पुणेकराने पाषाणच्या रस्त्यावर या गृहस्थांस गाठून, यंदा गारठा अंमळ जास्तच आहे, तुम्हांला सवय नसेल, जपा, असा सल्ला दिला असेल काय, हा विचार माझ्या मनातून अद्याप जात नाही. पुणेकर तो, दिलाच असेल.

लव भरण्याचा विधी न्हाणीघरात होतो, कारण घरातील तेवढ्याच खोलीत हवा कोंडता येते आणि जमीन पुसून घेता येते. त्या सकाळी भाच्याने सर्व घरास उद्देशून एक जाहीरनामा काढला : पंखा कोणी लावावयाचा नाही, खिडकी उघडावयाची नाही, दारावरची घंटा वाजली तर वाजू द्यावी, आणि न्हाणीघराचे दार आतून हाक आल्याशिवाय लोटू नये. मला तराजूवरचा कारकून नेमण्यात आले. भाचा टबच्या काठावर बसला. त्याच्या मांडीवर रजई, तिचे नऊ कप्पे एका बाजूने उघडे. माझ्यापुढे ग्रॅमचा काटा, काट्यावर प्लॅस्टिकची आंघोळीची बादली. दर कप्प्यास ३९ ग्रॅम लव द्यावयाची होती. एकोणचाळीस ग्रॅम लव म्हणजे काय हे ज्याने पाहिले नाही त्याने थोर असे काही पाहिले नाही : मुठीत घट्ट धरली तर ती मुठीत मावते, आणि मूठ सोडली की हळूहळू वर येत येत ती बादली शिगेपर्यंत भरून टाकते, आणि तरीही काटा आपला एखाद्या मध्यम टोमॅटोचेही वजन झालेले नाही असे सांगत राहतो.

मी आकडा मोठ्याने वाचीत असे. पण वाचण्यासाठी मला वाकावे लागे, वाकले की श्वास बादलीवर जाई, श्वासाबरोबर दोन ग्रॅम लव उठून आरशाकडे निघे, आणि मी वाचलेला आकडा मी वाचीपर्यंत खोटा झालेला असे. शेवटी मी श्वास रोखून आकडा पाहावा, मागे सरून श्वास सोडावा, आणि मग उच्चार करावा, असा प्रघात पडला. भाचा मूठभर लव घेऊन कोपरापर्यंत हात कप्प्यात घालीत असे, आत मूठ उघडीत असे, आणि हात बाहेर काढला की निम्मी लव बोटांना चिकटून परत येत असे. सुक्या हवेत विजेच्या आकर्षणाने ती अंगाला धरते. त्यावर उपाय म्हणून भिंतींवर पाण्याचा फवारा मारला होता. त्या दमट, शुभ्र, निःशब्द खोलीत दोन प्रौढ पुरुष गुडघ्याला गुडघा लावून बसले आहेत, एकाच्या हाती रजई आहे, दुसरा श्वास रोखून अंक म्हणतो आहे, आणि छतापाशी लवेचे ढग संथपणे प्रदक्षिणा घालीत आहेत, हे दृश्य बाहेरून पाहणाऱ्यास कोठल्याशा गुप्त उपासनेसारखे वाटले असते. सहावा कप्पा चालू असताना भाचेसुनेने दार उघडून विचारले, “चहा ठेवू का?”

दार उघडण्याने हवा किती हलते याची गणती कोणी केली आहे की नाही नकळे. पुढे कित्येक दिवस लव आम्हांस भेटत राहिली, दाढीच्या ब्रशात भेटली, आमटीत भेटली, आणि एका गृहस्थांच्या घरी सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलो असता भाचेसून माझ्याकडे झुकून हलकेच म्हणाली, “मामा, तुमच्या मिशीत हंस बसलाय.”

या भाचेसुनेची कैफियत ऐकल्यावाचून हे प्रकरण एकतर्फी होईल. ती म्हणते की तयार रजई अडीचशे-तीनशे डॉलरांना मिळते, आणि घरी शिवल्याने त्यांतले निम्मे वाचतात हे तिला मान्य आहे. फक्त मशीन, काटा, विशिष्ट कात्री, विशिष्ट चिमटे आणि कापड कापण्याचे विशिष्ट टेबल ही खर्चवेचाची बाब मूळ रजईच्या खात्यावर का पडत नाही, एवढेच तिला कळत नाही. त्याहून तिचे मुख्य गाऱ्हाणे दिवाणखान्याच्या पडद्यासंबंधी आहे. तो पडदा चार बोटे लांब झाला असून जमिनीवर लोळतो, आणि त्याला खालून एक दुमड घालून सरळ टीप मारावी अशी तिची विनंती बऱ्याच काळापासून दफ्तरी पडून आहे. “मामा, तुम्हीच सांगा त्याला. अडीच इंचाच्या भिंती शिवतो, नेफा शिवतो, आणि एक सरळ टीप मारायला त्याला वेळ नाही!”

मी त्यास सांगितले नाही, कारण मला त्यातले मर्म कळून चुकले होते. घरातील कामांना कंटाळून हे लोक वनात जातात. वनात जाण्यासाठी म्हणून मोजणे, कापणे, शिवणे, उसवणे, भरणे, वाळविणे ही घरातलीच सर्व कामे हौसेने अंगावर घेतात. आणि ती पुरी होईपर्यंत वनात जाण्यास सवड राहत नाही. कामाचा त्यांस मुळीच आळस नाही, ते काम घराचे आहे असे कोणी म्हणता कामा नये एवढेच त्यांचे म्हणणे. माझ्या आजीने जुनी नऊवारी लुगडी एकावर एक घालून धावदोऱ्याने जी गोधडी शिवली तिच्यात मोजमाप नव्हते व खर्चही नव्हता; आणि आमच्या घरी पांघरुणाची प्रतिष्ठा त्याच्या वजनावर ठरत असे, त्याखालून कूस बदलताना दोन्ही हात लावावे लागले तरच ते चांगले. तीच गोधडी भाच्याच्या काट्यावर ठेवली असती तर काट्याचे व भाच्याचे, दोघांचेही, काय झाले असते ते सांगवत नाही. आणि तरीही, आजी शेवटचा टाका घालून दोरा दातांनी तोडी आणि गोधडी हातभर दूर धरून क्षणभर पाही, ते पाहणे मी या मुलाच्या चेहऱ्यावर जसेच्या तसे पाहिले आहे. दोरा मात्र तो विशिष्ट कात्रीने कापतो.

अखेर रजई झाली, आणि ऑक्टोबरातील एका शनिवारी आम्ही त्यास ब्लू रिज डोंगरातील एका मुक्कामाच्या जागी मोटारीने पोहोचविले. मेपलची व ओकची पाने तांबूस-पिवळी झाली होती, समोर एकामागे एक निळ्या डोंगरांच्या सात-आठ ओळी दिसत होत्या, आणि त्यांच्याकडे पाठ करून भाचा झाडांना पट्टे बांधीत होता. पट्टे रुंद असावेत, सालीला दोर काचू नये, असा तेथील दंडक आहे. मला त्याने झोळीत निजवून पाहिले. हॅमकमध्ये सरळ निजावयाचे नसते, कर्णरेषेत आडवे व्हावयाचे, म्हणजे पाठ जवळजवळ सपाट राहते. आणि न्यायाने सांगितले पाहिजे की खालून टांगलेल्या त्या साडेतीनशे ग्रॅम हवेने काही क्षणांतच माझ्या कमरेस अशी ऊब दिली की मला उठावेसे वाटेना. पण मला पुरते निजू देण्यात आले नाही. रजई झोळीस सैल टांगली तर मध्ये गार हवा साचते, घट्ट टांगली तर लव चेपते, आणि या दोहोंमधला बिंदू शोधण्यासाठी भाचा माझ्या खालून सारखा “आता? आता कसं वाटतं?” असे विचारीत नाड्या ओढीत होता.

तेवढ्यात शेजारच्या झाडांवर बिऱ्हाड थाटलेले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ व एक तरुण बाई आमच्याकडे आली. नमस्कार-चमत्कार झाले, हवापाण्याची चौकशी झाली नाही, डोंगरांचे नाव निघाले नाही. दाढीवाले गृहस्थ सरळ झोळीखाली वाकले, मग उताणे झाले, आणि डोक्याला बांधलेला दिवा लावून रजईच्या तळाचे निरीक्षण करू लागले. बाईही त्यांच्या शेजारी उताणी झाली. भाचा तिसरा. मी वरून खाली पाहत होतो आणि पानगळीत ओळीने पडलेली ती तीन माणसे दर इंचाला टाके किती, जाळी कोठून आणली, कोपऱ्यावर दुमड एकेरी की दुहेरी, असा खल करीत होती. सूर्य मावळला तो मी एकट्याने पाहिला. अंधार पडल्यावर मला झोळीतून उतरविण्यात आले आणि भाचेसुनेने मला घरी आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला आणावयास गेलो. मोटारीत बसताच तिने विचारले, “कसं होतं जंगल?”

“डाव्या बाजूचा नेफा अर्धा इंच सैल आहे,” तो म्हणाला. “आणि ते म्हातारे म्हणत होते की सात डेनियरचं कापड घेतलं असतं तर आणखी चाळीस ग्रॅम वाचले असते.”

त्या रात्री जेवणे आटोपताच मशीनवरचे आवरण निघाले आणि रजई उसविण्यासाठी टेबलावर पसरली. भाचेसुनेने ही संधी साधून दिवाणखान्याचा पडदा दांडीवरून काढला व मुकाट्याने त्याच्या हाताशी आणून ठेवला. त्याने तो उचलला, हातावर तोलला, क्षणभर विचार केला, आणि काट्यावर ठेवला.

“नऊशे साठ,” तो म्हणाला. “आधी कापडच बदलायला हवं.”